भिंतीवर चित्र कोणाचं आणि दालनाची चावी कोणाकडे?

2025च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीचे मॉडेल कोल्हापुरी चपलांसारख्या चपला घालून चालले आणि आपल्याकडे गदारोळ उठला. नक्कल केली म्हणून राग होता, भरमसाट किमतीचा होता, पण सगळ्यात मोठा राग नावाचा होता. कंपनीने त्यांना नुसत्या चामड्याच्या सँडल म्हटलं होतं, कोल्हापूरचा उल्लेखच नव्हता. पुढे कंपनीने चपलांचं मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं आणि वर्षअखेरीस महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. मधल्या काळात मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका फेटाळली गेली. ती केली होती वकिलांनी, आणि कोल्हापुरी चपलेच्या नावाचे नोंदणीकृत मालक ते नव्हते. मालक होती ती दोन महामंडळं.

या सगळ्या प्रकरणात चपला शिवणारा माणूस किती वेळा बोलला? वकील बोलले, व्यापाऱ्यांची चेंबर बोलली, मंत्री बोलले, समाजमाध्यमांवर तर सगळेच बोलले. कारागिराच्या वतीने बोलणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. त्याला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जागेतून बोलता येईल अशी सोय मात्र फार थोड्या ठिकाणी आहे. सामुदायिक कलादालन ही त्यातली एक सोय. ती काय असते, तिने काय साधतं आणि तिच्यावर कोणते आक्षेप येतात, ते पाहू.

नेहमीची गॅलरी कशी चालते?

मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी 1952 साली उभी राहिली. आत जायला तिकीट नाही, कोणीही जावं. पण आपली चित्रं लावायची तर अर्ज, निवड, भाडं आणि वर्षानुवर्षं लांबणारी प्रतीक्षा यादी. बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसणारे चित्रकार असतात. त्यांच्यात आणि आतल्या चित्रकारांमध्ये दहा पावलांचं अंतर आहे, पण किमतीतला आणि ओळखीतला फरक त्या दहा पावलांत मावत नाही.

खाजगी गॅलरीचा हिशेब वेगळा. ती चित्र विकून देते आणि विक्रीच्या रकमेतला मोठा हिस्सा, बऱ्याचदा निम्म्यापर्यंत, स्वतःकडे ठेवते. त्या बदल्यात जागा, दिवे, निमंत्रणं आणि गिऱ्हाईक तिचं. यात गैर काही नाही. कोणतं चित्र लावायचं, कुठे लावायचं आणि खालच्या पाटीवर काय लिहायचं हे ठरवणाऱ्या माणसाला क्युरेटर म्हणतात. गॅलरीतली खरी सत्ता या माणसाकडे असते. आपल्या देशात हा माणूस बहुतेकदा शहरातला, इंग्रजीत शिकलेला आणि वरच्या जातीतला असतो. तो वाईट असतो असं मुळीच नाही. पण त्याला जे दिसतं तेच भिंतीवर चढतं.

मग सामुदायिक कलादालन म्हणजे काय?

ज्या समाजाची, वस्तीची किंवा गटाची कला आहे, त्याच लोकांच्या हातात दालनाचा कारभार असणं. काय लावायचं, किती किंमत ठेवायची, काय विकायचंच नाही, हे त्यांनी ठरवायचं.

गावातल्या दुधाचं बघा. खाजगी व्यापारी दारात येऊन दूध नेतो तेव्हा माप त्याचं आणि भावही त्याचाच. सहकारी डेअरी आली की फॅट तुमच्यासमोर लागते, दर फलकावर असतो, दिवाळीला फरक मिळतो आणि चेअरमन पटला नाही तर निवडणुकीत पाडता येतो. म्हैस तीच, दूधही तेच, फक्त मापावरचा हात बदललेला असतो. डेअरीतसुद्धा एकाच घराण्याचं राज्य चालू शकतं, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. तो धोका इथेही आहे. त्याकडे शेवटी येऊ.

अलीकडे सगळीकडे समावेशन हा शब्द ऐकू येतो. त्याचा सरळ अर्थ, जे आजवर बाहेर होते त्यांना आत घेणं. पण आत घेण्याचे दोन प्रकार आहेत. एकात चित्र आत येतं, दुसऱ्यात चित्र काढणारा माणूसही कारभारात येतो. हा फरक कळायला वारलीइतकं चांगलं उदाहरण नाही.

वारली: आत कोण आलं, बाहेर कोण राहिलं

पालघर-डहाणू भागात वारली आदिवासींच्या लग्नात घराच्या भिंतीवर चौक, म्हणजे लग्नविधीचं चौकोनी चित्र, काढतात. गेरू-शेणाने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूच्या काडीचं टोक चावून केलेला कुंचला. चौकात पालघट देवी असते. तो काढायचा मान सवासिनींचा, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून विधी चालवते. म्हणजे चित्र बायकांचं आणि मंत्रही बाईच्याच तोंडचे.

हे चित्र शहरात पोचवण्यात भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराचा मोठा वाटा आहे. याच कुलकर्णींना हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्याआधी, 1966-67च्या दुष्काळात, बिहारच्या मिथिला भागात पाठवलं होतं. बायका भिंतीवर काढतात ती चित्रं कागदावर काढू द्या, विकली तर घरात चार पैसे येतील, अशी कल्पना होती. ती चालली. जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी ही नावं तिथूनच देशाला कळली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुलकर्णी डहाणूकडे आले आणि त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. म्हसे लग्नकार्यासाठी नव्हे, रोजच चित्रं काढत. 1975 साली मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं, 1989 साली पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधल्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली, 2011 साली पद्मश्री मिळाली. माणूस त्या सगळ्याला पुरून उरेल एवढा मोठा चित्रकार होता. त्यांच्या जाळी टाकणाऱ्या कोळ्याचं चित्र पाहिलंत तर ती जाळी ज्या बारीक ठिपक्या-रेघांनी विणली आहे, त्यावर नजर अडकून राहते.

आता एक गंमत पाहा. कागद नेणारा माणूस दोन्हीकडे तोच. मिथिलेत तो बायकांच्या हाती गेला आणि नावं बायकांची झाली. वारलीत कागद पुरुषांच्या हाती आला, आणि त्यानंतर बाजारात गाजलेली बहुतेक नावं पुरुषांची आहेत. आज मुंबईत हॉटेलपासून रेल्वे स्टेशनपर्यंत वारली नाचते आहे. त्यातली एक तरी वारली चित्रकर्ती नावाने सांगा म्हटलं तर आपण गप्प बसतो. वारली समाज गॅलरीत आला हे खरं. पण ज्यांच्या हातची ती कला मुळात होती, त्या सवासिनी उंबऱ्यातच राहिल्या. हे कोणी कट करून केलं नाही. चौक हा विधी आहे, बाजार वेगळा, आणि बाजारहाट, एसटी, साहेबांशी बोलणं ही कामं पुरुषांची, म्हणून ते आपोआप झालं. अशा आपोआप होणाऱ्या गोष्टी कोणी मुद्दाम थांबवल्या तरच थांबतात.

मिथिलेतही सगळं साजरं नव्हतं. पहिली गाजलेली नावं मुख्यतः ब्राह्मण आणि कायस्थ घरांतली होती. पुढे दुसाध या दलित जातीच्या बायकांनी आपल्या अंगावरच्या गोंदणाची नक्षी आणि आपला लोकनायक राजा सल्हेस याच्या लोककथा कागदावर आणल्या. त्यातून गोदना नावाची निराळीच शैली उभी राहिली. आत घेतलेल्यांच्या आतही उतरंड असते, ती अशी.

दिल्लीतली पुसलेली भिंत

गंगादेवींनी आयुष्याच्या अखेरीस, कर्करोगाचे उपचार चालू असताना, दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात (क्राफ्ट्स म्युझियममध्ये) एक कोहबर घर रंगवलं. कोहबर म्हणजे नवरा-नवरीची खोली. मिथिलेत तिच्या भिंती कमळं, बांबू, मासे, पोपट यांनी भरून टाकतात. 1991 साली गंगादेवी गेल्या. पुढे, 2015च्या सुमारास, संग्रहालयाच्या नूतनीकरणात त्या भिंती नष्ट झाल्या. पद्मश्री मिळालेल्या चित्रकर्तीचं, सरकारी संग्रहालयात, सांभाळायला म्हणूनच ठेवलेलं काम.

मी नेहमी विचार करते, तिथे हुसेन किंवा गायतोंडे यांचं भित्तिचित्र असतं तर कंत्राटदाराला तिथपर्यंत कोणी पोचू दिलं असतं का? हस्तकलेच्या खात्यात जमा झालेल्या गोष्टीबद्दल आपल्या मनात एक ठाम समज असतो, की हे काय, पुन्हा काढून घेता येईल. त्यांच्या गावातून दुसरी बाई बोलावू. हा समज घेऊन माणसं नूतनीकरणाच्या फायलीवर सही करतात.

पिंगुळीचा गोठा

याच्या अगदी उलट टोकाला सिंधुदुर्गातली एक जागा आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाची वस्ती आहे. चित्रकथी (चित्रं दाखवत कथा गाणं), कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, पांगुळ बैल, राधानाच अशा कितीतरी कला या एका समाजाने सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानाने त्यांना आश्रय दिला होता. संस्थान गेलं, सिनेमा आला, मग टीव्ही आला, आणि बाहुल्या पेटाऱ्यात गेल्या. परशुराम गंगावणे यांनी 2006 साली आपल्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं आणि त्याला ठाकर आदिवासी कला आंगण असं नाव दिलं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

चित्रकथीच्या पोथीतली पानं सुटी असतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एकेक पान समोर उभं धरतो, कथा गातो, साथीला वीणा, टाळ, डमरू. एक प्रसंग संपला की पान उलटायचं, मागे पुढचा प्रसंग तयार. सीतेच्या डोळ्याची कड, रावणाच्या मिशीचा पीळ, सगळं लांबून, दिवटीच्या उजेडात दिसेल असं ठसठशीत. अशा जुन्या पोथ्या पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातही आहेत आणि तिथे त्या चांगल्या राहिल्या, हेही सांगायला हवं. पण काचेच्या कपाटातलं पान उलटत नाही, आणि तिथे ते गाणारं कोणी नसतं. पिंगुळीत ज्या घरातली पोथी त्याच घरातला माणूस ती गाऊन दाखवतो. कोणती पोथी कोणाच्या आजोबांची, कोणती बाहुली कुठल्या देवळात नाचायची, हे सांगायला तिथे पाटीची गरज पडत नाही.

शहरातही असे प्रयोग झाले. 2016 साली धारावीत हातगाडीवरचं एक डिझाइन म्युझियम फिरलं. कुंभारवाड्याची मडकी, वस्तीत बनणारे झाडू, रोजच्या वस्तू, त्या करणाऱ्यांच्याच गल्लीत मांडलेल्या. कल्पना झकास होती. पण ती बाहेरून आलेल्या मंडळींची होती आणि थोड्याच काळापुरती. हातगाडी गेल्यावर गल्लीत काय उरलं, हा प्रश्न तिच्यावर टीका म्हणून विचारला जातो आणि तो रास्त आहे.

आणि पैसा?

दहा हजारांना विकलेल्या चित्रात कारागिराला किती मिळाले, हे बहुतेक दुकानांत विचारता येत नाही. व्यापारी नगावर माल उचलतो आणि पुढे काय भावाने विकला हे कारागिराला कधीच कळत नाही. दालन आपलं असेल तर विक्रीची वही आपली असते. एवढ्यानेही बराच फरक पडतो, कारण पुढच्या वेळी भाव ठरवताना हातात आकडा असतो.

आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम 53अ नावाची एक तरतूद आहे. मूळ चित्र पुन्हा दहा हजारांवर किमतीला विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मिळू शकतो, जास्तीत जास्त दहा टक्के. तरतूद चांगली आहे, पण मूळ चित्र कोणी काढलं, कधी विकलं, याची नोंदच नसेल तर वाटा मागायचा कशाच्या जोरावर? नावाची पाटी ही मानापमानाची बाब वाटते. तिचा हिशेबाशी असलेला संबंध हा असा आहे.

"म्हणजे आता कलेतही आरक्षण?"

हा आक्षेप हमखास येतो. दर्जावर निवड व्हावी, जातीवर नको. मान्य. पण दर्जा ठरवणारे डोळे कुठून येतात? 1982 साली भोपाळमध्ये भारत भवन सुरू झालं. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी तिथल्या रूपंकर संग्रहालयासाठी विद्यार्थ्यांना खेड्यापाड्यांत पाठवलं आणि आदिवासींची चित्रं शहरी आधुनिक चित्रांच्या बरोबरीने, एकाच छपराखाली लावली. पाटणगढ गावात जनगढ सिंह श्याम हा गोंडांच्या परधान शाखेतला तरुण चित्रकार त्यातूनच सापडला, आणि त्याच्यापासून गोंड चित्रांचं एक अख्खं घराणं सुरू झालं. जनगढची प्रतिभा त्याआधीही तिथेच होती. तिच्यापर्यंत कोणी गेलं नव्हतं, इतकंच. दर्जा खाली आणायची गरज पडली नाही, शोधायचा परीघ वाढवला.

या गोष्टीचा शेवट मात्र दुःखद आहे. 2001 साली जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना जनगढने आत्महत्या केली. परक्या देशात एकटा, घरापासून लांब. ज्याला आपण कलेच्या जगात आणलं म्हणतो, त्याच्या कराराचं, प्रवासाचं, तब्येतीचं पाहणारं त्याचं स्वतःचं कोणी तिथे होतं का, हा प्रश्न त्यानंतर फार तीव्रतेने विचारला गेला.

"परंपरा विकायला काढली की ती बाटते"

असं म्हणणारे सहसा महिन्याला पगार घेणारे असतात. पिंगुळीचे कलाकार संस्थानाच्या आश्रयावर जगत होते, म्हणजे मोबदला तेव्हाही होताच, फक्त देणारा वेगळा होता. आणि बदलाचं म्हणाल, तर दुसाध बायकांनी गोंदण कागदावर आणलं तेव्हा परंपरा मोडली की वाढली? मला वाटतं, काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. लग्नाचा चौक विकायचा नाही असं एखाद्या पाड्याने ठरवलं, तर बाहेरच्याने किंमत वाढवून मागू नये.

"मग आम्ही वारली काढायचीच नाही का?"

जरूर काढा. शाळेच्या चित्रकलेच्या तासाला वारली शिकवतात, ते चांगलंच आहे. भौगोलिक मानांकन, म्हणजे बोलीभाषेत जीआय टॅग, ही नावाची राखण असते. विशिष्ट भागातल्या, विशिष्ट पद्धतीने बनलेल्या वस्तूलाच ते नाव वापरता यावं यासाठी ती नोंद करतात. वारली चित्रकलेला ती मिळाली आहे, कोल्हापुरी चपलेला 2019 साली मिळाली, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी. पण मानांकन शैलीवर मालकी देत नाही. कोणी तसेच त्रिकोण-वर्तुळं काढून दुसऱ्या नावाने विकली तर मानांकनाच्या जोरावर फारसं काही करता येत नाही. म्हणून कायद्याची ढाल आहे तेवढीच आहे, बाकीचं काम ओळखीने होतं. आपल्या बैठकीच्या भिंतीसाठी वारली हवी असेल तर पुण्यातल्या क्लासमध्ये शिकलेल्या कोणाला बोलावण्याआधी डहाणूच्या चित्रकाराला, जमल्यास चित्रकर्तीला, विचारावं.

"जातीचं नाव कशाला मिरवायचं?"

2015 साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी कडक झाली आणि धारावीतल्या अनेक चर्मकारांचं काम बसलं. सुधीर राजभर यांनी त्यांच्यातल्या काहींना बरोबर घेऊन टाकाऊ टायरच्या रबरापासून पिशव्या बनवायला सुरुवात केली आणि ब्रँडला नाव दिलं चमार. शिवी म्हणून फेकला जाणारा शब्द महागड्या पिशवीवर आला. अनेकांना हे खटकतं, आणि त्यांत त्या समाजातले लोकही असू शकतात. नाव लपवायचं की लावायचं, हा निर्णय मात्र ज्याला ते नाव जन्माने चिकटलं त्याचा. सामुदायिक दालनात तो निर्णय त्याच्याकडे राहतो.

अपंग कलाकारांबद्दलही हेच. तोंडाने किंवा पायाने चित्र काढणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना पन्नासच्या दशकात युरोपातल्या लिक्टेनश्टाइनमध्ये सुरू झाली, भारतातही तिचं काम आहे. तिची भेटकार्डं, कॅलेंडरं तुम्ही कदाचित घेतली असतील. संघटना चित्रकारांच्याच मालकीची आहे आणि तिचं म्हणणं स्पष्ट आहे की आम्हाला दया नको, गिऱ्हाईक हवं.

"संस्थापक गेल्यावर काय?"

सगळ्यांत जड आक्षेप हा, आणि यावर सोपं उत्तर नाही. अशी बहुतेक दालनं एका माणसाच्या जिद्दीवर किंवा एका कुटुंबाच्या खांद्यावर उभी असतात. पिंगुळीत पुढची पिढी कामात आहे, सगळीकडे तसं नसतं. शिवाय एक घर म्हणजे सगळा समाज नव्हे. शेजारच्या घरातल्या बाहुल्यांनाही तिथे जागा आहे का, बायकांना आहे का, हे विचारत राहावं लागतं. विश्वस्त संस्था किंवा सहकारी संस्था केली तर माणूस गेल्यावरही कारभार चालतो, पण मग सभा, लेखापरीक्षण, धर्मादाय आयुक्तांकडचे बदल-अर्ज, हे सगळं आलं, आणि बाहुल्या नाचवणाऱ्याला ते जमेलच असं नाही. सरकारी मदत खरी उपयोगी पडते ती इथे. एकरकमी अनुदानापेक्षा वर्षानुवर्षं कागद सांभाळणारा एक कारकून आणि छपराच्या दुरुस्तीचा खर्च मिळाला तर दालन जास्त टिकतं. कोकणात तर आधी छप्पर. पावसाळ्यातले चार महिने जुना कागद आणि चामडं कोरडं ठेवणं हेच तिथल्या क्युरेटरचं मुख्य काम.

पिंगुळी मुंबई-गोवा महामार्गाला लागून आहे. कोकण रेल्वेने कुडाळला उतरलात तर रिक्षा मिळते, गुढीपूर वस्ती विचारायची. गणपतीला गावी जाणाऱ्यांपैकी कितीतरी जण दरवर्षी त्या फाट्यावरून पुढे निघून जातात. जाण्याआधी फोन करून गेलात तर पोथी सोडून दाखवतात. फोटो काढायचे असतील तर विचारून काढा, आणि निघताना काही विकत घेतलंत तर बनवणाऱ्याचं नाव मागे लिहून घ्या.